पाणी धरणारा दगड, पाणी सोडणारा दगड

अमेरिकेच्या यूटा राज्यातलं झायन राष्ट्रीय उद्यान वाळवंटी मुलखात आहे. तिथल्या दरीच्या तळाशी वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्याइतकाच म्हणा. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत त्याच्या पाचपट पडतो, दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही चार महिन्यांत. तरी झायनच्या लालसर कड्यांमधून बारा महिने पाणी ठिबकत असतं. त्या ओलाव्यावर नेचे आणि रानफुलं कड्याला धरून वाढतात. इकडे होळी पेटायच्या सुमाराला बारडच्या डोंगरातले ओहोळ कोरडे ठाक पडलेले असतात. एवढा पाऊस जातो कुठे?

उत्तर पायाखालच्या दगडात आहे, आणि ते गाडीतून सहसा दिसत नाही. मुला-मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलेले कितीतरी मराठी आई-बाबा झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन पाहून येतात. उतारवयातही काठी टेकत तिथल्या पायवाटा चालतात, दगडाचा प्रत्येक थर किती जुना ते वाचतात. हीच मंडळी राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून सुरतेकडे जाताना मेंढवणच्या खिंडीतला अशेरीगड, चारोटीच्या पुढचा महालक्ष्मीचा सुळका, तलासरीच्या अलीकडचा सेगवा किल्ला ओलांडून जातात आणि थांबतात ते फक्त चहाला. या डोंगरांत चालण्यासारखं आणि वाचण्यासारखं खूप आहे. मला तर वाटतं, झायन पाहून आलेल्या माणसाने बारडचा डोंगर चढलाच पाहिजे, कारण दोन्हीकडे गोष्ट एकच आहे: दगड आणि पाणी यांचा संबंध. फक्त शेवट उलटा आहे.

आधी तिकडचं. झायनचे उभे कडे नवाहो वालुकाश्माचे आहेत. साधारण १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळूच्या टेकड्यांचा अफाट प्रदेश होता. ती वाळू दबून, कणाला कण चिकटून दगड झाला. काही ठिकाणी त्याची जाडी ६०० मीटरच्याही वर आहे. पण वाळूचे कण कितीही दाबले तरी त्यांच्यामध्ये फट उरतेच. या दगडाचा साधारण पाचवा हिस्सा अशा बारीक पोकळ्यांचा आहे. माथ्यावर पडलेला पाऊस आणि वितळलेलं बर्फ त्या पोकळ्यांतून मुंगीच्या पावलांनी खाली उतरतं. खाली कायेंटा नावाचा चिखलाचा, घट्ट थर आहे. तो पाण्याला वाट देत नाही. मग पाणी आडवं सरकत सरकत कड्याच्या तोंडाशी येतं आणि ठिबकू लागतं. ‘वीपिंग रॉक’ म्हणून तिथे एक प्रसिद्ध जागा आहे. तिथे आज ठिबकणारं पाणी सुमारे १२०० वर्षांपूर्वी माथ्यावर पडलेलं आहे, असं उद्यानाचे अभ्यासक सांगतात. आपल्याकडे तेव्हा राष्ट्रकूटांचं राज्य होतं.

बाराशे वर्षांची शिल्लक असलेल्या डोंगराला एखाद-दुसऱ्या कोरड्या सालाची काय पर्वा?

आता आपला दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला. असे थरावर थर चढून दख्खनचं पठार आणि सह्याद्री तयार झाला. डहाणू-तलासरीचे डोंगर त्याच लाव्ह्याचे. हा बेसॉल्ट, आपला काळा कातळ, वितळलेल्या रसाचा गोठून झालेला असल्यामुळे त्यात कणांमधली फट अशी नाहीच. ज्या काळ्या दगडाचा पाटा-वरवंटा आपल्या घरात असतो, तोच हा दगड. पाट्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर ते आत मुरत नाही, कडेने वाहून जातं. डोंगरावर पडणाऱ्या पावसाचंही असंच होतं.

तरीही थोडं पाणी आत शिरतं. लाव्हा थिजताना आकसतो, त्यामुळे त्याला उभ्या-आडव्या चिरा पडतात. थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून दगड जरा भोकसर होतो. आणि सगळ्यांत वर, ऊन-पावसाने कुजलेल्या कातळाचा मुरूम असतो, त्यावर जंगलाची माती. पाणी साठतं ते या मुरुमात आणि चिरांत. त्याखालची कहाणी झायनसारखीच आहे. लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये पुष्कळदा मोठा काळ गेलेला असतो. तेवढ्या काळात खालच्या थराची माती झाली, वरून नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून गेरूसारखी तांबडी झाली. घाटरस्त्याच्या कापात हा तांबडा पट्टा सहज दिसतो. कासा-जव्हार रस्त्याने जाताना खिडकीतून लक्ष ठेवा. बोटाने खरवडला तर हाताला रंग लागतो, आणि ओला असला तर चिकणमातीसारखा लागतो. चिरांतून उतरणारं पाणी या थरावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. म्हणून एकाच डोंगरावर एकाच उंचीला दोन-तीन ठिकाणी झरे सापडतात. पाऊस संपल्यावर वरचं गवत पिवळं पडायला लागतं, तेव्हा त्या उंचीवर काही दिवस हिरवी रेघ टिकून राहते.

म्हणजे पाणी अडवणारा थर दोन्हीकडे आहे. फरक पडतो त्याच्या वरच्या कोठारात. झायनमध्ये कोठार शेकडो मीटर जाडीचं. आपल्याकडे मुरूम आणि चिरा, तेही काही हातांचेच. तिथलं पाणी हजार-बाराशे वर्षं उतरत राहतं, इथलं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कसंबसं पुरतं.

हे समजून घ्यायला बारडचा डोंगर उत्तम. घोलवडला गाडीतून उतरायचं, बोर्डीवरून अस्वाली धरणापाशी यायचं. पाड्यावरचा एखादा वाटाड्या सोबत घेतलेला बरा, कारण वर गुराख्यांच्या वाटा फुटत जातात आणि त्या सगळ्याच माथ्याला जात नाहीत. उंची दीड हजार फुटांच्या आसपास, म्हणजे फार नाही. पण सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून होते आणि हवा किनाऱ्याची, दमट, त्यामुळे घाम फार निघतो. खाली साग, ऐन, खैर, कुडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटलेला असतो. पहिला टप्पा मातीतून आणि मुरुमातून आहे. पायाखाली दगड खडखडायला लागले आणि झाडं खुजी झाली की समजायचं, पाण्याचं कोठार मागे पडलं. पुढे निव्वळ कातळ. झाडांच्या उंचीवरून खालच्या मुरुमाची जाडी सांगता येते, हे मला या डोंगरावर चालतानाच पटलं.

माथ्याजवळ बाहरोटची लेणी आहेत. पारशी समाजाच्या इतिहासात या जागेला मोठा मान आहे. इराणातून आलेले झरथुष्ट्री परंपरेने आठव्या शतकात संजाणला उतरले असं मानतात. संजाण म्हणजे तलासरीच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीतलं गाव. मधे राज्याची सीमा तेवढी. तिथे त्यांनी इराणशाह हा पवित्र अग्नी प्रस्थापित केला. पुढे सुलतानाच्या फौजेने संजाण उद्ध्वस्त केलं. हे साल १३९३ की १४६५, यावर इतिहासकारांत वाद आहे. धर्मगुरू अग्नी घेऊन निघाले आणि बारडच्या डोंगरात आले. नवसारीच्या बहमन कैकोबाद संजाणा यांनी १६०० च्या सुमारास फारसी पद्यात लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये ही हकीकत आहे. अग्नी बाहरोटला बारा वर्षं राहिला, मग वांसद्याला चौदा वर्षं, मग नवसारीला, असं त्यात म्हटलंय. १७४२ पासून तो उदवाड्याला आहे आणि आजही तेवत आहे. पारशी भाविक बाहरोटला अजून येतात.

अग्नी बारा वर्षं तेवत ठेवायचा म्हणजे काय, याचा विचार लेण्यात उभं राहिल्यावरच मनात येतो. लाकूड होतं, जंगल तर भोवती पसरलेलं. डोंगरावरून संजाणपासून समुद्रापर्यंतचा सगळा मुलूख दिसतो, त्यामुळे कोण येतंय तेही कळत होतं. खरी अडचण पाण्याची असणार. पारशी धर्मगुरूला अग्नीपुढे जाण्याआधी पाण्याने शुद्ध व्हावं लागतं. शिवाय सोबतच्या माणसांचं पिणं, रांधणं आलंच. उन्हाळ्यात या माथ्यावर झरा राहत नाही. माझ्या मते इथे राहणं शक्य झालं ते कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांमुळे.

आणि इथे या दगडाचा दुसरा गुण समोर येतो. जो कातळ पाणी आत घेत नाही, तो कोरून पोकळ केला तर पाणी बाहेरही जाऊ देत नाही. झायनच्या वालुकाश्मात टाकं खोदलं तर पाणी हळूहळू भिंतीतच मुरून जाईल. बेसॉल्टमध्ये खाली चीर न धावणारी जागा निवडली की पावसाळ्याचं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतं. ही निवड करणारे पाथरवट दगड वाचण्यात तरबेज होते. कातळाची चीर कुठून कुठे जाते हे ओळखून ते टाक्याची जागा ठरवत. टाक्यात पाणी उतरेल अशी चीर वरच्या अंगाला ठेवत, आणि पाणी निसटेल अशी चीर टाळत. बाष्पीभवन कमी व्हावं म्हणून काही टाक्यांवर कातळाचंच छत ठेवून आत खांब सोडलेले असतात, ती खांबटाकी. एखाद्या गडावर अशा टाक्याच्या काठाशी बसून आत वाकून पाहा. भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव ओळीने दिसतात, जणू कालच मारलेले. त्यांवरून आडव्या पांढुरक्या रेघा गेलेल्या असतात, एकाखाली एक. पाणी उतरताना जिथे जिथे रेंगाळलं त्या त्या पातळीच्या. तळाशी बेडकांची धांदल, आणि वरच्या कोपऱ्यात जिथून चीर येते तिथे हाताएवढं हिरवं शेवाळ.

हे तंत्र जुनं आहे. मुंबईतल्या कान्हेरीत लेण्यालेण्याला टाकी आहेत. तिथे पारशी प्रवाशांनी १००९ आणि १०२१ या सालांत पहलवी लिपीत कोरलेले लेखही आहेत. म्हणजे कोकणातल्या लेण्यांची आणि त्यांतल्या पाण्याची ओळख त्या समाजाला बाहरोटच्या कितीतरी आधीपासून होती. अशेरीगडावर, सायवनच्या बाजूच्या गंभीरगडावर, तलासरीजवळ काजळीच्या बल्लाळगडावर राहिलेल्यांचा जीवही अशाच साठवलेल्या पाण्यावर टिकला. अशेरी पोर्तुगीजांनी १५५६ मध्ये घेतला आणि वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो त्यांच्याकडून घेतला. अशा कातळमाथ्यावर वेढ्यात टिकायचं म्हणजे टाकी भरलेली हवीत.

महालक्ष्मीच्या डोंगराचं आणखी वेगळं. विवळवेढ्याला पायथ्याशी देवीचं मोठं मंदिर आहे, आणि मूळ स्थान वर मुसळ्या डोंगरावर. गरोदर भक्तीण चढता चढता घेरी येऊन पडली, तेव्हा देवीच तिच्यासाठी खाली आली, अशी कथा सांगतात. चैत्री पौर्णिमेला यात्रा सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडीचा पुजारी सुळक्यासारख्या माथ्यावर ध्वज घेऊन चढतो. ध्वजाचा मान जव्हारच्या राजघराण्याकडे. हे दिवस ऐन उन्हाळ्याचे. दिवसा तो कातळ तापून निघतो, हात टेकवत नाही. रात्री चढणं हे श्रद्धेचं आहे, आणि शहाणपणाचंही. ग्रँड कॅन्यनमध्ये रेंजर उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दरीत चालू नका, म्हणून पुन्हा पुन्हा बजावतात.

आता एक गोष्ट या भागाबाहेर फारशी कुणाच्या लक्षात राहिलेली नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी, हळदपाडा, तलासरी या पट्ट्यात जमिनीतून गडगडाट येई आणि भांडी वाजत. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लहान-मोठे धक्के हजारोंनी मोजले गेले. लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपले. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी इथे यंत्रं बसवली. संशोधकांनी मांडलेल्या शक्यतांपैकी एक आपल्या विषयाशी जोडलेली आहे: पावसाचं पाणी खोल चिरांतून कित्येक किलोमीटर खाली जातं, तिथल्या दगडांच्या फटींत दाब वाढवतं, घर्षण कमी होतं आणि आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो. पाणी खोल जातं याचा दुसरा पुरावा आपल्या जिल्ह्यातच आहे. सातिवली, हालोली, कोकनेर आणि खाली ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी-गणेशपुरी इथली गरम पाण्याची कुंडं म्हणजे खोल जाऊन तापून वर आलेलं पावसाचं पाणी. म्हणजे आपल्या कातळात पाणी एक तर वरच्या मुरुमात थोडे महिने राहतं, नाही तर चिरेतून इतकं खोल जातं की ते हंड्यात परत येत नाही. झायनला लाभली तशी मधली जागा इथे नाही.

किनाऱ्यावर मात्र ती आहे. बोर्डी-घोलवड-डहाणूच्या किनारपट्टीत लाव्ह्यावर वाळूचा आणि गाळाचा थर बसलेला आहे, आणि वाळू पाणी धरते. म्हणून तिथे उथळ विहिरींना पाणी आणि चिकूच्या वाड्या बारमाही हिरव्या. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाडीत उभं राहून पूर्वेला पाहिलं तर बारडचा डोंगर दिसतो, मार्चमध्ये करडा पडलेला. दोन्हीवर पाऊस सारखाच पडलेला असतो.

डोंगरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी झिऱ्याचं. ओहोळाच्या कोरड्या पात्रात, जिथे वाळू-गोटे थोडे साठलेत तिथे हातभर खड्डा करायचा आणि पाणी यायची वाट पाहायची. हंड्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. बाई गुडघ्यांवर बसते, करवंटीने तळाचं पाणी गढूळ न करता अलगद उचलते, फडक्यातून ओतते, पुन्हा थांबते. पाणी परत येतं ते बोटभर. एक हंडा भरला की दुसरीची पाळी. हा झिरा म्हणजे डोंगराच्या मुरुमात उरलेल्या साठ्याचं शेवटचं टोक आहे. म्हणूनच डोंगरावरून मुरूम खरवडून नेणं मला फार गंभीर वाटतं. रस्त्यांच्या, भरावाच्या कामांना मुरूम लागतो आणि तो स्वस्त मानला जातो. डहाणू तालुका केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या प्राधिकरणाचं काम न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी १९९६ पासून जानेवारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळलं. त्या संरक्षणाचा विचार करताना लोकांच्या डोळ्यांपुढे जंगल आणि हवा येते. जंगलाखालचा तो चार-सहा हात मुरूमही तितकाच जपायला हवा, कारण या डोंगरांना दुसरं कोठार नाही.

मोठी धरणं आहेत, तलासरीच्या बाजूला कुर्झे, आणि सूर्या नदीवर धामणी. पण धरण खाली आणि पाडे वर. सूर्याच्या पाण्यातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची योजना आहे. पाणी उताराने शहराकडे जातं, चढणीने पाड्याकडे येत नाही. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठाची अवस्था याच्या उलट: तिथे प्यायचं सगळं पाणी दरीतल्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून येतं. १९६५ ते १९७० मध्ये टाकलेल्या सुमारे २० किलोमीटरच्या पाईपलाइनीतून ते दरी ओलांडून वर चढवतात. ती लाइन वारंवार फुटते. ऑगस्ट २०२४ मध्ये फुटली तेव्हा काठावरच्या हॉटेलांत मुक्काम बंद करावा लागला. पर्यटकांसाठी पाणी काठावर चढवता येत असेल, तर सायवन-बापुगावच्या पाड्यांवर ते चढवणं अशक्य नाही.

चालणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पावसाळ्यात अरुंद घळीत शिरू नये. पाणी न पिणाऱ्या दगडावर पाऊस पडला की लोंढा मिनिटांत येतो, आणि वर पाऊस झालेला खाली कळत नाही. वाळवंटातही, मुंगीच्या पावलांनी पाणी पिणाऱ्या दगडावरही, असंच घडतं. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोल घळीत सात जण अशाच लोंढ्यात गेले. डाभोसाच्या धबधब्याखालची लेंडी नदीची घळ, अकोले तालुक्यातली साम्रदची सांदण दरी, दोन्ही ठिकाणी पाऊस संपल्यावरच जावं.

आणि बारडला शक्य असेल तर दोनदा जावं, एकदा ऑक्टोबरात आणि एकदा मार्चमध्ये, त्याच वाटेने. पाणी घोलवडला किंवा बोर्डीच्या बाजारात घ्यावं, माणशी तीन लिटर. वाटेवरच्या झिऱ्यातून बाटल्या भरू नयेत. त्या बाटल्यांसाठी पुढच्या बाईला कितीतरी वेळ जास्त बसावं लागतं.